ठोसा टाचेपासून निघतो



ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी कराटेच्या वर्गाला जाते, अशी घरे आता आपल्या वस्त्यांतून कमी नाहीत. शाळेचे पटांगण, समाजमंदिराची गच्ची, इमारतीखालची मोकळी जागा, कुठेही संध्याकाळी पांढऱ्या गणवेशातली पोरे रांगेत उभी राहतात. मास्तर आकडे म्हणतात आणि पोरे हवेत ठोसे मारतात. आई-बाप पोटाला चिमटा काढून फी भरतात, गणवेश घेतात, परीक्षेचे पैसे वेगळे भरतात. पांढरा पट्टा जाऊन पिवळा येतो, पिवळा जाऊन नारिंगी येतो. भिंतीवर फोटो लागतो. हे सर्व चांगलेच आहे. पण त्यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो, तो आज आम्ही विचारतो. पट्टा बदलला, पण पोराच्या अंगात काय उतरले?

हा प्रश्न खोडसाळपणाने विचारलेला नाही. कराटे ही एक विद्या आहे आणि तिला शास्त्र आहे. शास्त्र कळले तर शंभर ठोशांत पोर शहाणे होते. शास्त्र न कळता दहा हजार ठोसे मारले तर हाती येतो तो दुखरा गुडघा आणि खोटा भरवसा. खोटा भरवसा हा दुखऱ्या गुडघ्याहून वाईट, कारण तो प्रसंग येईपर्यंत दिसत नाही.

कराटेचे मूळ गाव ओकिनावा. जपानच्या दक्षिणेला समुद्रात पसरलेल्या रिऊक्यू बेटांतले हे सर्वांत मोठे बेट. पूर्वी तिथे स्वतंत्र राज्य होते. १६०९ साली जपानच्या सात्सुमा सरदारांनी ते जिंकून मांडलिक केले आणि १८७९ साली जपानने ते राज्यच मोडून त्याचा एक प्रांत केला. बेटावरच्या मूळच्या हाताच्या लढाईत चीनकडून आलेल्या विद्येची भर पडली होती. ही विद्या गुपचूप शिकवली जाई. रात्रीची वेळ, घराचे अंगण, एक गुरू आणि एक-दोन शिष्य. लेखी फारसे काही नाही.

ही कोंडी फोडली इतोसु आंको (१८३१ ते १९१५) यांनी. हे गृहस्थ रिऊक्यूच्या राजाकडे चिटणिशीचे काम करीत. १९०१ च्या सुमारास त्यांनी कराटे ओकिनावातल्या शाळेत आणले. मुलांना पेलतील असे पाच 'काता' त्यांनी बसवले. काता म्हणजे बचाव आणि प्रहार यांची ठरलेल्या क्रमाने ओवलेली माळ. १९०८ साली त्यांनी दहा कलमांचे एक पत्र लिहिले. सरळ उभे राहा, खांदे खाली सोडा, पायांनी जमीन घट्ट धरा, जोर ओटीपोटात उतरवा, अशा अर्थाच्या सूचना त्यात आहेत. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या पत्रात सुद्धा मुठीआधी पाय आले आहेत.

त्याच पत्राची सुरुवात आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. कराटे हे बौद्ध धर्मातून किंवा कन्फ्यूशियसच्या पंथातून निघालेले नाही, असे इतोसु तिथे स्पष्ट लिहितात. आपल्याकडच्या वर्गांतून मात्र बोधिधर्म नावाच्या भिक्खूने हिंदुस्थानातून ही विद्या चीनला नेली, अशी कथा सांगितली जाते. आपल्याला ती ऐकून बरे वाटते. पण बरे वाटणे हा पुरावा नव्हे. बोधिधर्माचा काळ पाचव्या-सहाव्या शतकाचा धरतात. त्याचे नाव व्यायामविद्येशी जोडणारा ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे हजार वर्षांनंतरचा. तपासल्याशिवाय मानू नये, मग गोष्ट आपल्या मोठेपणाची असली तरी. हीच सवय ठोशाच्या बाबतीतही उपयोगी पडणार आहे.

इतोसुंच्या शिष्यांत फुनाकोशी गिचिन (१८६८ ते १९५७) हे शाळामास्तर होते. लहानपणी ते अशक्त होते. आझातो आंको या दुसऱ्या गुरूंकडे ते रात्री शिकायला जात. एकच काता दिवसेंदिवस, कधी महिनोन् महिने करवून घेतला जाई. गुरू समोर बसून पाहत आणि समाधान होईपर्यंत पुढचा काता मिळत नसे. 'नाइहांची' नावाचे तीन काता शिकायला आपल्याला दहा वर्षे लागली, असे फुनाकोशींनी पुढे लिहिले. १९२२ साली त्यांनी तोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक दाखवले. पांढरा गणवेश आणि पट्टे ही पद्धत त्यांनी जुदोकडून घेतली आणि १९२४ साली पहिले काळे पट्टे दिले. त्याआधी ओकिनावात पट्टा नव्हता. विद्या मात्र होती.

आता एक जमाखर्च मांडू. अंगणातून पटांगणात आल्यामुळे ही विद्या सर्वांना खुली झाली, हा मोठा लाभ. पण शंभर पोरांना एकदम शिकवायचे तर हुकूम आणि आकडे लागतात. 'असे कर' एवढे शिल्लक राहते आणि 'असे का' हे गळून पडते. विद्येचा आकार खाली येतो, कारण वरच राहते. ज्ञानाचे दार उघडले म्हणजे काम संपले असे नाही. दारातून नुसती पेटी बाहेर आली आणि किल्ली आतच राहिली तर काय उपयोग? तेव्हा किल्ली कोणती ते पाहू.

प्रथम ठोसा. पोर मागच्या पायाची टाच जमिनीला दाबते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे जमीन तितक्याच जोराने उलट रेटते. तो रेटा पायातून कमरेत येतो. कंबर म्हणजे पट्टा बांधतो तो सारा भाग. कंबर फिरते, तिच्या मागून छाती, छातीमागून खांदा, मग कोपर आणि सगळ्यांत शेवटी मूठ. जड भाग आधी हलतो, हलका भाग मागून येतो आणि म्हणून जास्त वेगाने येतो. आसूड ओढताना मुठीकडची हालचाल संथ आणि टोकाची विजेसारखी असते, तसेच हे.

आपल्या लोकांना हे नवे नाही. खाणीत घण मारणारा नुसत्या दंडाने मारीत नाही; तो पाय रोवतो, कंबर वळवतो आणि घण टेकायच्या क्षणीच मूठ आवळतो. उखळात मुसळ टाकणारी बाई सगळ्या अंगाचा भार त्यात उतरवते. पोते उचलणारा हमाल पाठ वाकवून ओढीत नाही, गुडघ्यात बसून मांड्यांनी उठतो. जो असे करीत नाही त्याची कंबर पाच वर्षांत जाते. हे ज्ञान कष्टकऱ्यांनी अंग झिजवून मिळवले आहे. ओकिनावातल्या लोकांनी हेच ज्ञान लढाईसाठी घासूनपुसून ठेवले.

या रेट्याला वाटेत गळत्या फार. सरकारी निधी वरून पूर्ण निघतो आणि गावात पोहोचेपर्यंत चार आणे राहतो, तसा प्रकार. टाच उचलली, एक गळती. पुढचा गुडघा आत पडला, दुसरी. पोट सैल सोडून पाठ मागे झुकवली, तिसरी. खांदा कानाला लागला, चौथी. कोपर बाहेर फाकले, पाचवी. मनगट वाकले, सहावी. हे शेवटचे तर धोक्याचे, कारण ठोसा लागताच मनगट मुरगळते. म्हणून सांगतात की तर्जनी आणि मधले बोट यांची मोठी दोन हाडे पुढे यावीत आणि ती मनगटाच्या सरळ रेषेत असावीत.

घरी करून पाहा. भिंतीसमोर एक पाय पुढे टाकून उभे राहा. छातीच्या उंचीवर मूठ भिंतीला टेकवा, कोपर किंचित वाकलेले ठेवा. आता खांदा वर उचलून आणि कोपर बाहेर काढून भिंत ढकला. जोर खांद्यातच अडकतो. मग खांदा खाली सोडा, कोपर बरगडीजवळ आणा, मागची टाच दाबा आणि पुन्हा ढकला. या वेळी भिंतीचा उलट रेटा थेट मागच्या टाचेत जाणवेल. टाचेपासून मुठीपर्यंत एक रस्ता तयार झाला. कराटेतला उभे राहण्याचा प्रत्येक पवित्रा हा असा रस्ता आहे. पुढे झुकलेल्या 'झेन्कुत्सु' पवित्र्यात साधारण साठ टक्के भार पुढच्या पायावर असतो, 'कोकुत्सु' मध्ये सत्तर टक्के मागच्या पायावर, आणि घोड्यावर बसल्यासारख्या 'किबा' मध्ये दोन्हींवर निम्मा-निम्मा.

मुष्टियुद्धात मागची टाच उचलतात, मग ते चूक काय, असे कोणी विचारील. ते चूक नाही. तिथे झटपट सरकायचे असते आणि पाय चवड्यावर फिरवून कंबर वळवायची असते. त्याचेही कारण आहे. कारण माहीत असेल तर दोन्ही पद्धती शिकता येतात. माहीत नसेल तर माणूस नुसता भांडत बसतो.

दुसरी गोष्ट मागे ओढायच्या हाताची. एक हात पुढे जातो तेव्हा दुसरा झटक्यात कमरेशी येतो. त्याला 'हिकिते' म्हणतात. पोराला विचारा, हा हात मागे का? बहुतेक पोरे सांगतील, सरांनी सांगितले म्हणून. त्याने कंबर फिरायला मदत होते, हे एक कारण. ओकिनावाच्या जुन्या शिकवणीतले दुसरे कारण अधिक पटणारे आहे. तो हात रिकामा नाही. त्याने समोरच्याचे मनगट किंवा बाही धरलेली आहे आणि त्याला आपल्याकडे खेचले आहे. खेचताना तोल गेलेल्या माणसाला दुसऱ्या हाताचा ठोसा बसतो. एवढे कळले की तोच हात पोर वेगळ्या जिवंतपणाने ओढते.

तिसरी गोष्ट ताण आणि सैलपणा यांची. दंडाच्या पुढचा स्नायू हात दुमडतो, मागचा हात पसरतो. ठोसा मारताना पोर सुरुवातीपासूनच दात-ओठ खाऊन हात आवळते, तेव्हा दोन्ही स्नायू एकदम कामाला लागतात. गाडीचा ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर दिल्यासारखे होते. म्हणून निघताना हात सैल, आणि टेकायच्या क्षणी पायापासून मुठीपर्यंत सर्व अंग एकदम घट्ट, श्वास बाहेर. या क्षणाला 'किमे' म्हणतात. पुढच्याच क्षणी पुन्हा सैल.

याची मोजदाद शास्त्रज्ञांनी केली आहे. एप्रिल १९७९ च्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात कराटेच्या भौतिकशास्त्रावर एक लेख आला. मायकेल फेल्ड, रोनाल्ड मॅकनेअर आणि स्टीफन विल्क हे त्याचे लेखक. वेगवान छायाचित्रे काढून त्यांनी मुठीचा वेग मोजला. सरळ ठोशाचा सर्वाधिक वेग सेकंदाला सुमारे ६ ते १० मीटर भरला. महत्त्वाचे म्हणजे हात पुरता पसरल्यावर हा वेग मिळत नाही. तो साधारण पाऊण पसरलेला असतानाच मूठ सर्वांत वेगात असते, पुढे वेग उतरत जातो. म्हणून गुरू सांगतात की निशाण्याच्या पृष्ठभागावर मारू नका, त्याच्या थोडे पलीकडे मारा. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते. लहान चणीच्या मुलीला ही केवढी आशेची गोष्ट आहे पाहा. वजन वाढवणे तिच्या हाती नाही, वेग आणि रेटा साधणे आहे.

या तिघांतल्या रोनाल्ड मॅकनेअरविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. जन्म १९५० चा, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या लेक सिटी गावचा. कृष्णवर्णीय कुटुंब, वडील मोटार दुरुस्त करणारे, आई शिक्षिका. १९५९ साली नऊ वर्षांचा रोनाल्ड गावच्या वाचनालयात विज्ञानाची पुस्तके घ्यायला गेला. वाचनालय गोऱ्यांचे होते. बाईंनी पुस्तके द्यायला नकार दिला. पोरगा जागचा हलेना. पोलीस बोलावले गेले, आई आली, आणि शेवटी पुस्तके घेऊनच तो घरी गेला. पुढे १९७६ साली त्याने एमआयटी या नामांकित संस्थेतून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, कराटेचा काळा पट्टा मिळवला, आणि अंतराळवीर झाला. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाच्या स्फोटात त्याचा अंत झाला. ज्या वाचनालयाने त्याला पुस्तक नाकारले, त्या इमारतीत आज त्याच्या नावाचे स्मारक-संग्रहालय आहे. नाकारलेले पुस्तक म्हणजे काय हे आपल्या वाचकांना आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. एवढेच सांगतो की त्या माणसाने मूठही वळली आणि त्या मुठीचा हिशेबही मांडला. एक हात गणवेशात, एक हात वहीत.

आता शिकायचे कसे? प्रथम डोक्याने समजून सावकाश करायचे. मग चुका एकेक करून काढायच्या. शेवटी विचार न करता अंग आपोआप करू लागते. सायकल शिकताना हेच होते. यातली मधली पायरी लांब आणि कंटाळवाणी असते आणि वर्ग नेमका तिथेच घाई करतो. ध्यानात ठेवा, सराव फक्त पक्के करतो. चूक हजार वेळा केली तर चूकच पक्की होते आणि मग ती काढायला दुप्पट काळ लागतो. म्हणून एका वेळी एकच दुरुस्ती. आज फक्त टाच, पुढच्या आठवड्यात फक्त खांदा. घरी आरशासमोर दहा मिनिटे, पाण्यात हलल्यासारखे संथ. संथ करताना तोल गेला तर समजावे की वेगात केलेले खोटे होते.

आई-बापांनी एकदा तरी वर्ग पूर्ण बसून पाहावा. कराटे येत नसले तरी पुढील गोष्टी कोणालाही दिसतात. खाली बसलेल्या पवित्र्यात गुडघा पावलाच्या दिशेने आहे की आत पडतो? वळताना पाऊल वळते की ते फरशीला चिकटून राहते आणि फक्त कंबर फिरते? तसे झाले तर मधला गुडघा पिळला जातो, आणि हीच दुखणी पुढे जन्माची सोबत करतात. हवेत ठोसा मारताना कोपर शेवटपर्यंत खटकन ताठ होते का? ते किंचित आधी थांबले पाहिजे. मास्तर पुढे उभे राहून नुसते आकडे म्हणतात, की रांगेत फिरून एकेकाची चूक दाखवतात? आणि पोराने 'का' विचारले तर उत्तर मिळते, की शिक्षा?

काही गोष्टी सरळ नाकाराव्यात. लहान मुलांना भिंतीवर किंवा विटांवर मुठी आपटायला लावणे, सिमेंटवर बेडूकउड्यांच्या फेऱ्या घालायला लावणे, पाय फाकवून जोडीदाराला पाठीवर बसवणे. वाढत्या हाडांना आणि सांध्यांना हे सोसत नाही. ओकिनावातही मुठी घट्ट करायला 'माकिवारा' वापरतात. तो जमिनीत रोवलेला, मागे लवणारा लाकडी खांब असतो आणि त्याला दोरीचे किंवा गवताचे वेष्टन असते. लवणारा का? सांध्याला धक्का बसू नये म्हणून. तिथेही कारण आहेच. वर्गाचे दार पालकांना सदैव उघडे असावे आणि मुलींचा पवित्रा सुधारताना हात लावायचा तो सर्वांसमोर, विचारून, हेही पालकांनी आधीच स्पष्ट सांगावे. यात संकोच कसला?

आणखी एक रोखठोक गोष्ट. दोन वर्षे कराटे केलेली मुलगी चार गुंडांना लोळवील, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. चांगली विद्या मुलीला तोल देते, ताठ मान देते, अंतर ओळखायला शिकवते, आणि पकडलेले मनगट सोडवून ओरडत पळायला लागणारा तो एक क्षण देते. तो एक क्षण फार मोलाचा आहे. त्याहून जास्त वचन देणारा माणूस विद्या विकत नसून स्वप्न विकत आहे.

शेवटी थोडे आजचे. तोकियोचे लांबलेले ऑलिम्पिक २०२१ साली झाले, त्यात कराटेचा प्रथमच समावेश होता. पुरुषांच्या काता स्पर्धेचे सुवर्णपदक ओकिनावाच्याच किउना रिओ याने मिळवले. तिथे समोर प्रतिस्पर्धी उभा नसतो, एकट्याने काता करायचा असतो. शंभरातले सत्तर टक्के गुण पवित्रे, हालचाल, श्वास, किमे अशा तंत्राला होते आणि तीस टक्के जोर, वेग, तोल यांना. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कराटे नव्हते. पदके येतात आणि जातात. अंगणात दहा वर्षे तीन काता घोटणाऱ्या त्या अशक्त मुलासमोर पदक नव्हते आणि पट्टाही नव्हता.

म्हणून पोर वर्गातून आले की कितवा पट्टा मिळाला हे विचारू नका. आज कोणती एक चूक सुधारली, ते विचारा, आणि ती का सुधारली हेही विचारा. त्याने नीट सांगितले तर समजा की पैसे सत्कारणी लागले. फी आपल्या घामाची आहे. तिची पावती पट्ट्यात शोधू नका, पोराच्या टाचेत शोधा.